ओवून ठेवलेल्या सुया

दोऱ्याची रिळं आणायला मी शिरूरला गेलो होतो. एक लाल, एक पांढरं. सकाळी निघताना हौसानं बजावलं होतं, "लाल म्हंजी लालच आणा. मागल्या खेपंला गुलाबी आणलं आन् मलाच सांगत बसला, ह्येच लाल हाय म्हणून." दुकानात रीळ उजेडाला धरून बघत होतो तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हा फोन जावयानं घेऊन दिलेला. मला त्यातलं उचलायचं आणि ठेवायचं एवढंच कळतं. शेजारचा नामदेव बोलत होता. "आबा, लगीच या घरी." मी म्हणालो, "काय झालं ते सांग की." तर म्हणाला, "या तुम्ही." जन्मभर मेंढरं राखलेल्या माणसाला एवढं पुरतं... मी दुकानदाराला म्हणालो, लालच द्या. पैसे दिले, रिळं खिशात टाकली आणि मिळेल त्या गाडीला हात केला. बायको गेल्याचं मनात कळलेलं असताना मी दोरा कशाला घेतला, ते मला आजही सांगता येणार नाही. घरी आलो तर अंगणात जुन्या लुगड्यांची अर्धी शिवलेली वाकळ तशीच पसरलेली होती, आणि हौसाला बायकांनी उचलून आत ठेवलेलं. वाकळ शिवता शिवताच कलंडली म्हणाले. डॉक्टर म्हणाला, हृदय. पाच मिनिटंसुद्धा गेली नसतील.

त्याला आता सहा आठवडे होतील. तिचं नाव हौसाबाई. हे नाव मी तिच्या जिवंतपणी कधी तोंडानं घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत. 'अगं' म्हटलं की ती ओ द्यायची, त्यात पन्नास वर्षं गेली. तेव्हा हे नाव लिहितानासुद्धा हात अवघडतोय. मी चौथीपर्यंत शिकलेला, तीही मास्तर मेंढरांमागं धावत यायचा म्हणून. पेपरच्या या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल लोक लिहितात ते माझी नात रेणू सुट्टीत आली की वाचून दाखवायची आणि हौसा ऐकायची. ऐकून म्हणायची, "मेल्यावर समदीच चांगली हुत्यात व्हय?" म्हणून मी आधीच सांगतो, हौसा काही देवमाणूस नव्हती. तोंडानं फाटकी होती, शेजारणीशी कोंबड्यांवरून दोन वर्षं बोलत नव्हती, आणि भाकरी जरा जास्त भाजली की मलाच बोलायची, तुम्ही मधी बोलला म्हणून करपली. पण एक गोष्ट तिनं केली आणि नाव माझं झालं. दहा वर्षं मी ते नाव मिरवलं. ती असताना खरं सांगायचं धाडस झालं नाही, ते आता सांगतो.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, दौंडच्या वाटेवरचं. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. बाप-आजा बारा महिने मेंढरांमागं फिरले. मी अडीच एकर जमिनीवर थांबलो, तरी वाडग्यात, काट्यांच्या कुंपणात, चाळीस-पंचेचाळीस मेंढ्या ठेवल्या होत्या. पोरगी एकच, शालन, ती दौंडला दिली. जावई बाळू ट्रकच्या गॅरेजात कामाला. कारगिलची लढाई झाली त्या वर्षीची गोष्ट. शालनला दिवस होते, पहिलंच बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात आम्ही तिला घरी आणली. पाय सुजलेले होते. मी म्हणालो, पोटुशी बाईचे पाय सुजतातच. हौसानं तिच्या नडगीवर बोट दाबलं, खड्डा पडला तो तसाच राहिला. दोन दिवसांनी डोकं दुखतंय म्हणून पोरगी रडायला लागली, डोळ्यांपुढं काजवे दिसतात म्हणाली, तेव्हा शिरूरच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाला, "प्रेशर फार वाढलंय. बाळ आत्ताच काढलं नाही तर दोघं जातील." आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी आमची नात जन्मली. तारीख होती संक्रांतीची.

मी आयुष्यात शेकड्यांनी कोकरं हातात घेतली, पण तसा जीव बघितला नव्हता. अकराशे ग्रॅम. किलोभर साखर आणि वर दोन मुठी. कातडी अशी की आतल्या शिरा दिसाव्यात. रडली तर मांजराच्या पिलासारखा आवाज, तोही मधेच थांबायचा, आणि थांबला की सिस्टर तळपायाला टिचकी मारायची, मग पुन्हा श्वास. डॉक्टर म्हणाला, इथं पेटी नाही, पुण्याला न्या, आत्ता. तेव्हा आत पेटी असलेली गाडी आमच्याकडं कुठली? डेअरीच्या दुधाची जीप उभी होती. त्या ड्रायव्हरनं कॅन खाली उतरवून ठेवले आणि म्हणाला, "बसा आज्जी." सिस्टरनं पोर कापसात गुंडाळली, डोक्याला टोपी घातली आणि हौसाला म्हणाली, "पदराच्या आत, उघड्या छातीला लावून धरा. गार पडू द्यायची नाही." हौसानं विचारलं, "कोकराला धरत्यात तशी?" सिस्टर म्हणाली, "मला कोकरातलं कळत नाही आज्जी, पण तशीच असेल." पुण्यापर्यंत हौसा बोट पोरीच्या छातीवर ठेवून बसली होती. श्वास थांबल्यासारखा वाटला की तळपायाला टिचकी. ड्रायव्हरला मी डिझेलचे पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, "पोरगी मोठी झाली की चहा पाजा." त्याला तो चहा पाजायचा राहिलाय. तो हे वाचत असेल तर त्यानं घरी यावं.

पुण्यात काचेची पेटी मिळाली. ज्यांच्या घरात असं बाळ आलं नाही त्यांना वाटतं, पेटीत ठेवलं की झालं. तसं नाही. एकदा श्वासाचं, एकदा काविळीचं, निळा दिवा लावून ठेवायचं; एकदा पोट फुगलं म्हणून दूध बंद, नळीतून सलाईन; एकदा रक्त चढवलं. दर वेळी एक कागद, दर वेळी खालच्या औषधाच्या दुकानात पळायचं. फुफ्फुस उघडायचं एक इंजेक्शन होतं, त्याची किंमत ऐकून बाळू भिंतीला टेकून खालीच बसला. मी गावाकडं येऊन-जाऊन मेंढरं विकत होतो. माझा हिशोब सोपा होता, पेटीतला एक दिवस म्हणजे एक मेंढी. इंजेक्शनाचं निराळं. डॉक्टर वाईट नव्हते, जेवढं सोडता येईल तेवढं सोडलं त्यांनी, पण पेटीला वीज लागते, सिस्टरला पगार लागतो, ते कुणाला चुकलंय... चोवीस दिवसांनी पोरगी चौदाशे ग्रॅम झाली तेव्हा वाडग्यात अकरा मेंढ्या आणि एक एडका, कळपातला नर, उरला होता.

घरी सोडताना तिथल्या थोरल्या सिस्टरनं हौसाला समोर बसवून सगळं सांगितलं. हौसाला अक्षर येत नव्हतं, म्हणून ती ऐकायची ते कायमचं ऐकायची. दूध दर दोन तासांनी, आईचंच, पिळून, बोंडल्यानं थेंबथेंब. छातीला लावून ठेवायचं, दिवसातला जितका वेळ होईल तितका. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. धुरी द्यायची नाही. यावर हौसा अडली. "धुरीबिगर बाळ-बाळंतीण ऱ्हाती व्हय?" सिस्टर म्हणाली, "आज्जी, हिची फुफ्फुसं अजून तयार नाहीत. धूर दिलात तर पुन्हा पेटीत." हौसानं घरी येऊन चूलच अंगणात मांडली. पुढं सिस्टर म्हणाली, "हिची दोन वयं धरायची. एक जन्मल्यापासूनचं, एक तारखेपासूनचं. कधी बसली, कधी चालली, ते संक्रांतीपासून मोजा, नाहीतर उगाच घाबराल. पण डोळ्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत. पुढच्या शुक्रवारी. हे चुकवायचं नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याचा आतला पडदा बिघडतो. वरून काही दिसत नाही. आणि कळतं तेव्हा उपाय राहत नाही." असं म्हणून तिनं एक इंग्रजी कागद दिला. तो मी घडी करून टोपीत ठेवला.

आता माझं ऐका. तो कागद टोपीत ठेवला तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की जायचं नाही.

घरी थोरली बहीण होती, आक्का. नवरा गेल्यापासून आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची आणि गावातली सगळी रीतभात तिच्या तोंडात. पोर घरात आली त्या दिवशीच तिनं सांगून टाकलं की बाळ आणि बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडणार नाहीत. बुधवारी हौसानं विषय काढला, परवा पुण्याला जायचंय. आक्का म्हणाली, "दवाखान्यात हुती तवर ठीक. आता घरात आली. सव्वा म्हैना झाल्याबिगर न्यायची न्हाई." मी लगेच आक्काची री ओढली. म्हणालो, "आक्का बरोबर बोलती. पंधरा दिसांनी काय बिघडतंय? डोळं कसं टपोरं हायेत, उजेडाकडं बघती बी. सव्वा म्हैना हू दे, मग नेऊ." हौसा पोरीला पदरात घेऊन बसली होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आक्कालाच म्हणाली,

"आक्का, सव्वा म्हैना कवापासनं धरायचा?"

"आता कवापासनं? जलमल्यापासनं."

"आन् पोरीची तारीख कवाची हाय?"

"संक्रातीची."

"मग जलमली कुठं ती? नऊ म्हैनं भरायचं हायेत. आधी पेटीच्या पोटात हुती, आता माझ्या पोटाशी हाय. संक्रातीला जलमंल, मग बसवा की सव्वा म्हैना, मी बी बसती संगं. पोटातलं पोर घिऊन बाई कुठं बी जाती, त्येला कुणाची आडकाठी?"

आक्कानं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "आन् मग पाचवी पुजली ती कुणाची गं भवाने?"

"पेटीची," हौसा म्हणाली.

आक्का हसली. एवढी हसली की तिला ठसका लागला. आणि हसलेल्या माणसाला पुन्हा नाही म्हणता येत नाही. "जा बाई," म्हणाली, "तुझ्या पोटातलं हाय, तू जाण."

पण मी हसलो नाही. कारण माझी अडचण सव्वा महिन्याची नव्हतीच. चाळीस मेंढ्यांतल्या अकरा राहिल्या होत्या. पुण्याला जायचं म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा कागद, पुन्हा खालचं दुकान. अकरा मेंढ्यांवर आणि एडक्यावर मला पुन्हा कळप उभा करायचा होता. तो एडका मी कोकरू असल्यापासून वाढवला होता, कमरेइतका उंच, आठ गावांत तसा नव्हता. पंधरा दिवस गेले की शुक्रवार निघून जाईल, मग कुणी आठवण काढणार नाही, असा माझा डाव होता. पैसे नाहीत म्हणून नातीला नेत नाही, हे तोंडानं बोलायची लाज वाटली म्हणून मी रीतीमागं लपलो. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. हौसाला ते तेव्हाच कळलं होतं. आक्का गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "एडका इका."

मी म्हणालो, "येडी झालीस का? एडका गेला की कळप संपला."

"एडका बाजारात मिळतुया. डोळं कुठल्या बाजारात बसत्यात इकायला, त्ये सांगा, मी जाऊन आणती."

मी उठून बाहेर गेलो. गुरुवारी रानातून आलो तर खुंटा मोकळा होता. व्यापाऱ्याला तिनं घरी बोलावून घेतलं होतं आणि माझ्यापेक्षा बरा भाव काढला होता. मी तिला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, हा पेपर लेकीबाळी वाचतात. ती पोरीला बोंडल्यानं दूध पाजत होती. थेंब सांडू न देता पाजून झालं, मग म्हणाली, "झालं बोलून? सकाळी दौंडवरनं गाडी हाय. तुमी येताय, का आमी दोघी जाऊ?"

गेलो. शिरूरवरून एस्टी होती, पण खड्डे फार. दौंडवरून आगगाडीत हादरे कमी म्हणून तिनंच तसं ठरवलं. शालनच्या अंगात अजून ताप होता, ती घरी दूध पिळून देऊन राहिली. दौंड स्टेशनावर बाळू आला, बरोबर चार जणांना पुरेल एवढं गरम पाणी थर्मासात घेऊन. पुण्यात डोळ्याची डॉक्टरीण भेटली, तरुण होती, कडक. पोरीच्या तोंडावरचं फडकं काढून बघितलं आणि म्हणाली, "डोळे दाखवायला आणलंय का लग्नाला आणलंय?" सकाळी निघताना आक्कानं पोरीच्या डोळ्यांत काजळ भरलं होतं. हौसा म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून घातलंय." डॉक्टरीण म्हणाली, "दृष्ट राहू दे, आधी दृष्टी बघू. पुन्हा काजळ घालायचं नाही." मग सिस्टरनं सगळं पुसून काढलं. डोळ्यांत औषध घालून तास-दीड तास बसवलं. तपासताना पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावतात, ते बघून मी बाहेर आलो. हौसा आतच राहिली, पोरीचे पाय धरून.

पडद्यावर नको त्या ठिकाणी शिरा फुटायला लागल्या होत्या. डॉक्टरीण म्हणाली, पाच दिवसांनी पुन्हा आणा. पुन्हा नेलं. त्या दिवशी म्हणाली, आता थांबायचं नाही, लेसर करावं लागेल, दोन्ही डोळ्यांना. लेसर म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं, मला वाटलं डोळा काढणार. हौसानं अंगठा दिला. झाल्यावर डॉक्टरीण बाहेर आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वेळेत आणलंत. आणखी पंधरा दिवस थांबला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. पुष्कळ लोक थांबतात हो. सव्वा महिना होऊ दे म्हणतात." मी खाली मान घालून चपलेकडं बघत होतो. आणि हौसा म्हणाली, "ह्यांनी न्हाई थांबू दिलं. एडका इकला आन् घिऊन आलं."

डॉक्टरीण माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, फार मोठं काम केलंत."

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, असं का सांगितलंस? म्हणाली, "मग काय सांगू? माझा नवरा नगं म्हणत हुता म्हणून?" आणि खिडकीबाहेर बघत बसली. गावातही तिनं तेच सांगितलं. आबानं एडका विकून नातीचे डोळे वाचवले, असं लोक म्हणायला लागले. पारावर चार माणसांत मला जागा करून द्यायला लागले. एकदा शाळेत मास्तरांनी पोरांना माझं उदाहरण दिलं. मी नाही म्हणालो नाही. पहिल्यांदा लाज वाटायची, मग सवय झाली, आणि मग खरं सांगतो, मलाही वाटायला लागलं की मीच विकला.

डोळे वाचले म्हणून सगळं सुटलं असं नाही, हेही लिहितो, कारण कुणाच्या घरात असं बाळ असेल तर त्यांना आधी कळलेलं बरं. पेटीचा खर्च एकदाचा असतो, नंतरचा हळूहळू येतो आणि त्याचा कुणी विचार केलेला नसतो. कानाची तपासणी. दर थंडीत छाती भरायची, दोनदा पुन्हा ऑक्सिजन लावावा लागला. पाय ताठ वाटतात म्हणून व्यायाम शिकायला दौंडवरून पुण्याला आठवड्याला एक खेप. बाळूचा तेवढा खाडा व्हायचा, गॅरेजवाल्यानं एकदा कामावरून काढलंही. उरलेल्या अकरा मेंढ्या त्यातच गेल्या. पोरगी बसायला उशीर, चालायला उशीर. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिच्या बरोबरीची पोरं पळतात. हौसाचं उत्तर ठरलेलं होतं, "तुमची पोरं जलमली तवा माझी पोटात हुती." संक्रांत आली की ती रेणूचा वाढदिवस करायची, तिळगुळावरच भागवायची. दीड वर्षाची झाली तेव्हा चष्मा लागला, जाड, दोरीनं बांधलेला. उजव्या डोळ्याला कमी दिसतं, डाव्याला चांगलं. पण दिसतं. शाळेत फळ्यावरचं दिसतं, चुलत्याच्या डोक्यातला पांढरा केस दिसतो, आणि माझ्या लिहिण्यातल्या चुका तर मैलावरून दिसतात.

आता सुयांचं सांगतो. रेणू पाच वर्षांची झाली तेव्हापासून, ती दौंडवरून आली की पिशवी खाली ठेवायच्या आत हौसा म्हणायची, "ये गं माझे आये, मला काय दिसत न्हाई बघ. सुया ओवून दे." पहिल्या वर्षी एका सुईला निम्मा दिवस लागला. दोरा ओला करायची, चष्मा वर करायची, चष्मा खाली करायची, रडायची. शालन म्हणायची, "आये, का छळती पोरीला? आण हिकडं, मी ओवते." हौसा म्हणायची, "तू गप. मला तिच्याच हातचं पायजे." पुढं पुढं जमायला लागलं. प्रत्येक सुट्टीत आठ-दहा सुया ओवून व्हायच्या. दाराशेजारच्या खुंटीवर घोंगडीचा एक तुकडा टांगलेला होता, त्यात हौसा त्या टोचून ठेवायची. लोकरीत सुई गंजत नाही. मग सुट्ट्या संपल्या की त्या पुरवून पुरवून वापरायची आणि पुढच्या सुट्टीपर्यंत वाकळी शिवायची. सगळ्या गावाला माहीत होतं, हौसाला सुई ओवता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी परसातून आत येत होतो. ती दारात बसली होती, पाठ माझ्याकडं. दोरा संपला म्हणून तिनं रीळ घेतलं, टोक दातानं तोडलं आणि एका झटक्यात सुईत घातलं. बघितलंसुद्धा नाही नीट. मी म्हणालो, "अगं, तुला दिसतंय की!" दचकली. मग मलाच दटावलं, "वरडू नका. पोरीला सांगाल तर बघा. दर खेपंला मला बघायचं असतंय, तिला किती दिसतंय त्ये. डाक्टर वर्साला एकदा बघती, मी दोनदा बघती." म्हणजे पाच वर्षं ती आंधळी होऊन बसली होती. मला भित्रेपणा लपवायला रीत लागली, तिनं काळजी लपवायला स्वतःचे डोळे अधू म्हणून सांगितले... माझ्यात आणि तिच्यात हा फरक.

तेराव्याला रेणू आली होती. पिशवी ठेवली आणि त्या घोंगडीच्या तुकड्यापुढं जाऊन उभी राहिली. दिवाळीत तिनं ओवलेल्या सुयांतल्या सात अजून टोचलेल्या होत्या, लाल, पांढरा, एक हिरवा दोरा. तिनं त्या बोटानं एकेक मोजल्या. आता मागच्या आठवड्यात ती पुन्हा आली तेव्हा हा कागद मी तिच्या पुढं ठेवला, म्हणालो, ऱ्हस्व-दीर्घ नीट कर. ती वाचत गेली. एडक्याच्या जागी आली तिथं थांबली. मी बाहेर बघत बसलो. ती म्हणाली, "आबा, आज्जीनं मला हे कधीच सांगितलं नाही."

"न्हाई सांगणार ती," मी म्हणालो.

"तुम्ही खरंच नको म्हणाला होता?"

"व्हय. म्हणालो हुतो."

तिनं पेन्सिल घेऊन पुढचं वाचायला सुरुवात केली. मला वाटलं आता ती उठून जाईल. शेवटापर्यंत वाचलं, दोन-तीन ठिकाणी वेलांट्या बदलल्या आणि चष्मा पुसता पुसता म्हणाली, "आज्जीला दिसत होतं, ते मला दुसरीपासून माहीत होतं. तांदळातला एवढासा खडा काढायची ती."

"मग ओवत का बसायचीस?"

"तिला बघायचं असायचं ना," रेणू म्हणाली. "म्हणून मी हळू ओवायची. तिला नीट बघता यावं म्हणून."

ती दौंडला परत गेली. अंगणातली अर्धी वाकळ शालननं घडी करून कोनाड्यात ठेवली आहे आणि त्यावर मी आणलेली दोन रिळं आहेत. लाल रीळ लालच आहे, यावेळी चुकलो नाही. काल माझ्या सदऱ्याची गुंडी तुटली. मी त्या सातांतली पांढऱ्या दोऱ्याची एक सुई काढली आणि जमेल तशी गुंडी लावली, वाकडी बसली, हौसा असती तर उसवून पुन्हा लावली असती. दोरा संपला. रिकामी सुई मी परत घोंगडीत टोचून ठेवली. उन्हाळ्याच्या सुट्टीला रेणू येईल तेव्हा तिला म्हणेन, मला काही दिसत नाही, ओवून दे. मला तर खरंच दिसत नाही.